दुसऱ्या गिअरमधला घाट

नारळी पौर्णिमा झाली की आमच्या कंपाउंडमध्ये बॉनेटं उघडायला लागतात. कोणी कुणाला सांगत नाही, ग्रुपवर मेसेज येत नाही. रविवारी सकाळी दूध आणायला खाली उतरावं, तर पाटकर काकांची करडी गाडी आ वासून उभी आणि काका कमरेपर्यंत तिच्या आत. पलीकडे नितीन चारही दरवाजे उघडे टाकून कुंपणावर मॅट वाळत घालतोय. हवेत ओल्या रबराचा, पॉलिशचा आणि कुणीतरी गाडीत आतून फिरवलेल्या धुपाचा वास. गणपतीला गावी जायचं म्हणजे आधी गाडीची अंघोळ, औषधपाणी आणि दृष्ट काढणं. माणसांचं मागाहून बघू.

या वर्षीही तो वास आला आणि मी दुधाची पिशवी जिन्याच्या कठड्याला अडकवून सरळ गाडीकडे गेले. दूध नासलं. आई बोलली. बोलू दे. हा माझा सीझन आहे.

मुंबईत पाऊस बाहेर पडतो तेवढाच बंद गाडीच्या आत मुरतो. सीटबेल्ट ओढला की पांढरी बुरशी बोटांना लागते. मॅट उचलली की खाली ओलीचा नकाशा. आणि उंदीर! आमच्या वाकोल्याचे उंदीर वायरी शेवयांसारख्या खातात. यावर कंपाउंडमध्ये दोन पंथ आहेत. पाटकर काका बॉनेटमध्ये तंबाखूची पानं ठेवतात, नितीन डांबराच्या गोळ्या बांधतो. दरवर्षी दोघं एकमेकांना वेड्यात काढतात. उंदीर दोन्ही पचवून ठणठणीत आहेत.

आम्ही चौघं. पाटकर काका बँकेतून रिटायर झालेले; गाडीला हात लावायच्या आधी शर्टाच्या दोन्ही बाह्या सारख्या दुमडल्यात ना ते बघणारे. नितीन तिसऱ्या मजल्यावरचा, माझ्याच वयाचा. रोज नवा व्हिडिओ बघून नवं मत घेऊन येणारा. माझे बाबा, म्हणजे परब, जन्म मुंबईतला पण तोंडात मालवणी. आजोबा गिरणीत होते, बाबा अंधेरीच्या एका कंपनीत स्टोअर सांभाळून निवृत्त झाले. आणि मी. मी शाळेत गणित शिकवते, पण कंपाउंडमध्ये ते कुणाच्या लक्षात नसतं. तिथे मला फक्त एवढंच विचारतात, "काय गं, कूलंट बघितलंस?"

आणि या गप्पा! दोन माणसं भेटली की जग "काय, कसं काय" म्हणतं. आमच्याकडे "अ‍ॅव्हरेज किती देते?" असं विचारतात. या प्रश्नाला आजवर कोणी खरं उत्तर दिल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

"कुठलं ऑइल टाकलंस रे?" काका.

"फुल सिंथेटिक. इंजिन एकदम झकास, काका. स्मूथ."

"वाकोला ते कुर्ला तू किती स्पीडने जातोस?"

"ट्रॅफिक असतो ना यार."

"मग स्मूथ कशाला हवंय? चिकटून बस की जागेवर."

अशा वेळी बाबा काही बोलत नाहीत. तेल मोजायची डिपस्टिक बाहेर काढतात, फडक्याला पुसतात, पुन्हा आत घालून बाहेर काढतात आणि उन्हाकडे धरून बघतात. त्यांचं सगळं बोलणं त्या बघण्यात असतं. निदान तेव्हा असायचं.

सेकंडहँड गाडी घ्यायचे धडे मी त्यांच्याकडूनच घेतले. "रंग बघू नको. टेप बघू नको. सीटबेल्ट धर आणि शेवटपर्यंत ओढ." पुराच्या पाण्यात बुडालेली गाडी धुऊन पुसून चकचकीत करता येते, पण पट्ट्याचा शेवटचा वीतभर भाग आत गुंडाळलेला राहतो आणि त्याच्यावर चिखलाची रेघ तशीच असते. "गाडीवालो खोटा बोलात, पट्टो बोलूचो नाय," बाबा म्हणायचे. मध्यंतरी शाळेतल्या सहकारी बाई मला चेंबूरला एक गाडी दाखवायला घेऊन गेल्या. मालक गोड बोलत होता, सरबत देत होता. मी आत बसले, पट्टा ओढत गेले, ओढत गेले, आणि शेवटी तपकिरी रेघ आली. पट्टा सोडून दिला आणि बाईंना म्हटलं, "चला." मालकाने एका शब्दाने विचारलं नाही की का. परतीच्या वाटेवर बाई माझ्याकडे डॉक्टरकडे बघावं तशा बघत होत्या, आणि खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडलं.

आमच्या गाडीचं नाव बायो. मी आठवीत असताना पहिली बायो आली, ती थकल्यावर दुसरी. गाडी बदलली, नाव तेच राहिलं. कणकवलीच्या पलीकडच्या आमच्या वाडीत स्वतःची गाडी घेऊन येणारे बाबा पहिले. आजोबा जन्मभर एसटीच्या टपावर ट्रंक चढवून गेले, आणि त्यांचा मुलगा सातेरीच्या देवळाच्या वळणावर हॉर्न वाजवत आला. तो हॉर्न ठरलेला. दोन छोटे, एक लांबलचक. तो ऐकला की घराघरातून माणसं पडवीत यायची, पोरं धावत सुटायची, आणि बाबांची मान अशी ताठ व्हायची की मागच्या सीटवरून मला त्यांची कॉलर दिसायची नाही. त्यांना वर्षभर बॉसने काय सुनावलं असेल ते त्या वळणावर सगळं वसूल व्हायचं.

त्या वळणाच्या आधी घाट. आमचा रस्ता कोल्हापूरवरून, राधानगरी, दाजीपूरचं जंगल आणि मग फोंडा घाट. घाट उतरला की पायथ्याशी जांभळीच्या झाडाखाली एक चहाची टपरी होती. तिथे बाबा न चुकता थांबायचे. दार उघडलं की एक वास यायचा, जळका, तिखट, जरासा गोडूस. मी आठवीत "माझे गाव" या निबंधात लिहिलं होतं की घाट उतरला की कोकणाचा वास येतो. बाईंनी त्याखाली लाल पेनने "छान" लिहिलं. आईसुद्धा, जी मूळची चेंबूरची आणि जिला लग्नाआधी कोकण फक्त नकाशात माहीत, तो वास आला की पदर सारखा करायची आणि म्हणायची, "आलं हो गाव."

घाटावरून कंपाउंडमध्ये दरवर्षी एकच भांडण व्हायचं. बाबा उतारावर गाडी न्यूट्रल टाकायचे. त्या पिढीतली कितीतरी माणसं हेच करायची, आणि अभिमानाने करायची.

"उतार देवान दिल्यान हा. त्यात पेट्रोल कशाक जाळूचा?"

"अहो परब," पाटकर काका बाह्या पुन्हा दुमडत म्हणायचे, "न्यूट्रलमध्ये गाडी मोकळी सुटते. इंजिन तिला धरत नाही. सगळा भार ब्रेकवर. खालच्या गिअरमध्ये उतरवा."

"इतकी वर्षं उतरवतंय. गेलंय दरीत?"

"गेला असतात तर सांगायला आला असतात का?"

नितीन हसायचा, चहा यायचा, आणि भांडण पुढच्या श्रावणापर्यंत तहकूब व्हायचं. मी मनातून काकांच्या बाजूने होते. पण माझ्या बाजूला काही किंमत नव्हती, कारण घाट माझा नव्हताच. बाबांनीच मला शिकवलं होतं, कलिन्याच्या रिकाम्या रस्त्यावर, रविवारी सकाळी. परीक्षा घेतली वाकोला ब्रिजच्या चढावर. ऐन गर्दीत, मागे रिक्षा नाकाला नाक लावून, आणि हे म्हणाले, "हँडब्रेकाक हात लावशीत तर उतर आणि चालत घराक जा." गाडी इंचभरही मागे गेली नाही. मी अगदी सर्टिफिकेट मिळाल्यासारखं त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी खिडकीबाहेर बघितलं आणि म्हणाले, "मुंबईत चालव. घाट माझो."

मग ते वर्ष आलं.

त्या श्रावणात मध्येच आठवडाभर पाऊस थांबला होता आणि कंपाउंडमधल्या डबक्यांवर पिवळं ऊन पडत होतं. बाबा तीन-चार महिने गाडी लावताना डावीकडच्या खांबाला घासत होते आणि प्रत्येक वेळी खांबाला शिव्या देत होते. शेवटी मी त्यांना सांताक्रूझला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. काचबिंदू. समोरचं दिसतं, बाजूचं विझत चाललंय. थेंब घालून आहे ते टिकेल, गेलेलं येणार नाही. गाडी चालवणं बंद. डॉक्टर भल्या माणसासारखे सावकाश बोलले. बाबांनी मान डोलावली, आभार मानले.

घरी आल्यावर ते वर आलेच नाहीत. बायोमध्ये जाऊन बसले. इंजिन बंद, काचा बंद. मी गॅलरीतून बघत होते. रुमालाने ते मीटरवरची काच पुसत होते, आधीच स्वच्छ असलेली. मी खाली जायला निघाले तर आईने हात धरला. "बसू दे त्यांना," ती म्हणाली. मला इतकं रडू आलं की मी उगाच जाऊन भांडी घासली.

पुढच्या रविवारी कंपाउंडमध्ये नेहमीसारखी बॉनेटं उघडी होती आणि सगळ्यांना सगळं कळलेलं होतं. आधी थोडा वेळ कूलंटवर बोलणं झालं. मग नितीन म्हणाला, "काका, यंदा माझ्या गाडीतून चला ना. जागा आहे." बाबांनी त्याच्याकडे असं बघितलं की बिचाऱ्याने जाऊन वायपर तपासायला घेतले. परब दुसऱ्याच्या गाडीतून गावी जाणार! सातेरीच्या वळणावर हॉर्न नितीन वाजवणार!

"नाहीतर ड्रायव्हर ठेवा," काका म्हणाले.

"माझ्या गाडयेक भाडोत्री हात नको."

मग काका माझ्याकडे न बघता म्हणाले, "पोरगी चालवते की."

माझ्या हातात पान्याचा सेट होता, तो मी उगाच घट्ट धरला. बाबा फडकं झटकत म्हणाले, "मुंबईत." बस, एवढंच.

घरी त्यावर वाद झाला नाही, कारण आईने तो होऊ दिला नाही. जेवताना ताटात भात वाढत ती म्हणाली, "मी हिच्या गाडीत बसून गावी जाणार आहे. तुम्हाला यायचं तर या. नाहीतर ट्रेनचं तिकीट बघा." बाबा गाडी घेतल्यापासून ट्रेनने गावी गेले नव्हते. त्यांनी आमटी मागितली. आमच्या घरात आमटी मागणं म्हणजे होकार.

पुढचे दिवस आठवले की अजून अंगात तरतरी येते. बाबा प्लास्टिकच्या खुर्चीवर कंपाउंडच्या मध्यभागी बसायचे आणि माझी उलटतपासणी चालायची. हवा किती भरलीस? स्टेपनीत भरलीस? ती कोण भरतलो, गणपती? फ्यूज कुठे असतात? इंजिनचा बेल्ट वाजायला लागला तर काय? एक दिवस म्हणाले, "टायर बदल." भर दुपारी, सगळ्या गॅलऱ्यांमध्ये बायका. जॅक लावायच्या आधी नट सैल करायचे, हे मला पाठ होतं, पण एक नट काही हलेना. पाना लावून ओढलं, ढकललं, ढिम्म.

"उभी रव त्याच्यार," बाबा म्हणाले.

मी चप्पल काढून पान्याच्या दांड्यावर उभी राहिले. काही नाही.

"वजन बघून घाबारलो नाय तो. उडी मार."

मी मारली. नट कुरकुरला आणि फिरला. दुसऱ्या मजल्यावरून कोणीतरी टाळ्या वाजवल्या आणि मी पंजाबी ड्रेसला ग्रीस पुसत हात वर केला, विश्वचषक जिंकल्यासारखा. दुसऱ्या दिवशी फळ्यावर प्रमेय लिहिताना मुलींना माझी काळी नखं दिसली. एकीने विचारलं, "मॅडम, मेंदी?" मी म्हटलं, "ग्रीस." वर्गात शांतता पसरली, आणि त्या वर्षी मला कोणी उलटून बोललं नाही.

निघालो त्या दिवशी उजाडत होतं. डिकीत कापडी मखर, दिव्यांच्या माळा, आईचे डबे. पितळी समई मात्र आईने जुन्या साडीत गुंडाळून बाबांच्या मांडीवर दिली. "डिकीत वाकते," ती म्हणाली. पितळेची समई डिकीत कशी वाकेल हे विचारायची कुणाची टाप नव्हती. मला कळलं होतं. माणसाच्या हातात काहीतरी असलं की हात जागेवर राहतात.

हात राहिले, पाय राहिला नाही. पार साताऱ्यापर्यंत डावीकडे बसून बाबांचा उजवा पाय मॅटवर ब्रेक दाबत होता. मी ओव्हरटेक केलं की दाबला. ट्रक दिसला की दाबला. कुत्रं दोन शेतांपलीकडे होतं तरी दाबला. कोल्हापूरला मिसळ खाल्ली, त्यांनी टायरना हात लावून बघितला, मी पण बघितला. राधानगरीनंतर झाडी दाट झाली, काचेवर बारीक पाणी साचायला लागलं आणि दाजीपूरला तर धुक्यात हेडलाइट लावावे लागले.

घाटमाथ्यावर एक छोटी घुमटी आहे. तिथे गाडी थांबवून बाबा नेहमी नमस्कार करायचे. मी थांबवली. ते उतरले, मागोमाग चावी काढून मीही. त्यांनी समई सीटवर ठेवली, नमस्कार केला, आणि वळून माझ्याकडे हात पुढे केला.

"दी."

"काय?"

"चावी. घाट माझो."

मला वाटलं होतं हे होणार नाही. डॉक्टरांनी सांगितलंय, आईने सांगितलंय, स्वतः त्यांनी मान डोलावलीय. पण समोर धुकं, खाली तो रस्ता, ज्याची वळणं त्यांना झोपेत येतात, आणि पसरलेला तो हात. त्या हातानेच मला क्लच शिकवला होता. मला "नाही" म्हणवेना. चावी माझ्या मुठीत होती आणि मूठ उघडतही नव्हती, मागेही जात नव्हती.

"बाबा, डॉक्टर काय म्हणाले..."

"डॉक्टर घाट उतरलो हा कधी?" ते तडकले, आणि आधार शोधावा तसं इकडेतिकडे बघत म्हणाले, "तुझी आई खंय गेली? तिका बोलाव. ती सांगात तुका."

आई त्यांच्या डाव्या खांद्याशी उभी होती. हात लांब केला असता तर लागला असता. ती केव्हाची उतरून नमस्काराला त्यांच्या शेजारी येऊन उभी राहिली होती.

"अहो," ती हळूच म्हणाली, "मी इथेच आहे."

बाबांनी सबंध मान वळवली. तिच्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. वरून एक एसटी आली, हॉर्न देत आमच्या बाजूने गेली, धुक्यात तिचे लाल दिवे विझले. मग त्यांनी हात खाली घेतला, पँटला पुसला, आणि स्वतःच डावीकडच्या दाराकडे गेले. समई उचलली, मांडीवर घेतली, बेल्ट लावला. "चल," म्हणाले. मी गाडी सुरू केली.

मी बायोला दुसऱ्यात टाकलं आणि उतरायला लागले. इंजिनचा आवाज चढला. त्या गाडीत इतक्या वर्षांत घाटात असा आवाज कधी आला नव्हता. बाबांच्या राज्यात घाट म्हणजे नुसती वाऱ्याची सूं सूं. पहिलं वळण झालं, दुसरं झालं. आणि मला समईवरून सुटलेला त्यांचा उजवा हात दिसला. तो सरळ गिअरच्या दांड्यावर आला. ते बघतही नव्हते. नजर समोर धुक्यात आणि हात आपला सवयीने न्यूट्रल टाकायला निघालेला.

"बाबा, हात."

आयुष्यात मी त्यांच्याशी त्या आवाजात बोलले नव्हते. तो माझा वर्गातला आवाज होता. हात थबकला आणि मागे गेला.

"इंजिन आरडता गो," ते म्हणाले. रागाने नाही, काळजीने. गाडीला दुखतंय असं त्यांना वाटत होतं.

"आरडू दे. आरडतंय म्हणजे धरून ठेवतंय."

मी वळणावर हॉर्न देत होते, ब्रेकवर पाय ठेवत होते आणि उचलत होते. अर्ध्या घाटात एक टेम्पो डोंगराच्या कडेला लावलेला दिसला, मखरं भरलेला. चाकाखाली दगड, चाकातून धूर, आणि ड्रायव्हर त्यावर बाटलीने पाणी ओततोय. जळका, तिखट, गोडूस वास खिडकीतून आत आला. बाबांनी मान पूर्ण वळवून तो टेम्पो बघितला, दिसेनासा होईपर्यंत. मग पुढे वळले आणि समई दोन्ही हातांनी धरली. त्यानंतर एक गंमत झाली. पुढच्या वळणाला त्यांचा पाय मॅटवर ब्रेक दाबायला उठला, आणि अर्ध्यातच थांबला.

घाट उतरला. धुकं मागे राहिलं, भाताची खाचरं आली, हिरवी, इतकी हिरवी की डोळे निवले. जांभळीच्या झाडाखाली टपरीपाशी मी गाडी थांबवली, कारण तिथे थांबायचंच असतं. दारं उघडली. आईने पदर सारखा केला, खोल श्वास घेतला, आणि गोंधळली.

"अगं," ती म्हणाली, "गावाचा वास नाही आला."

मी बाबांकडे बघितलं. बाबांनी माझ्याकडे. तो वास ब्रेकचे लायनर जळल्याचा, हे मला मोठेपणी कळलं होतं. आईला कधी कुणी सांगितलंच नव्हतं. इतकी वर्षं ती जळक्या ब्रेकचा वास घेऊन "आलं हो गाव" म्हणत आली होती. आठवीतला माझा निबंधही त्यावरच उभा होता.

बाबा उतरले. पुढच्या चाकाशी उकिडवे बसले आणि तळवा चाकाजवळ नेला, चूल निवली का बघतात तसा. मग अलगद टेकवला, आणि ठेवला. चाक कोमट होतं. दुसऱ्या चाकाकडे गेले, तिथेही तसंच. टपरीवाला "परबांनू, च्या?" म्हणाला. बाबा उठले, गुडघे झटकले.

"नको," म्हणाले. "गाडी थंड आसा. थांबाक नको."

आई म्हणाली, "पण वास?"

"तो वास गावाचो नाय गो," बाबा समोर बघत म्हणाले, "तो माझो होतो."

मी हसले नाही. हसायला नंतर आख्खं आयुष्य होतं. तेव्हा मी फक्त गाडी सुरू केली, पण मला पुढचं काही दिसत नव्हतं आणि वायपरचा काही उपयोग नव्हता, बाहेर पाऊसच नव्हता.

सातेरीचं वळण आलं तेव्हा ऊन तिरपं झालं होतं. मी वेग कमी केला आणि स्टीअरिंगवरचा डावा हात बाजूला घेतला. बोलायची गरज पडली नाही. बाबा समईवरून वाकले आणि हात लांब करून त्यांनी हॉर्न वाजवला. दोन छोटे, एक लांबलचक. पडव्या भरल्या, पोरं धावली. माणसं सवयीने उजव्या दाराशी गेली बाबांना उतरवून घ्यायला, आणि दार उघडून उतरले मी. चुलतकाका तर मला मिठी मारता मारता राहिले. दुसऱ्या बाजूने बाबा समई घेऊन उतरले, आणि त्यांची मान, शपथेवर सांगते, तशीच ताठ होती. कॉलर दिसत नव्हती.

त्यालाही आता काही वर्षं झाली. बायो अजून आहे. डावीकडच्या मॅटवर जिथे पायाची गरजच नाही तिथे उजव्या टाचेचा एक झिजलेला गोल आहे; नितीन म्हणतो मॅट बदल, मी बदलत नाही. बाबांचं डोळ्यांचं आहे तिथे थांबलंय, थेंब चालू आहेत. डिपस्टिक आता मी उन्हाकडे धरते आणि ते विचारतात, "रंग कसो आसा?" मी सांगते. उंदीरही तेच आहेत.

पण या सीझनचा वास आला की मला घाटाच्याही आधी आठवतो तो परत आल्यानंतरचा रविवार. गणपती होऊन आम्ही मुंबईला आलो होतो, गाड्या गावच्या लाल मातीने माखलेल्या, आणि कंपाउंडमध्ये बादल्या-फडकी घेऊन सगळे जमलेले. बाबा त्यांच्या खुर्चीवर. मी बायोच्या चाकांवर पाणी मारत होते. पाटकर काकांनी बाह्या दुमडल्या, दोन्ही सारख्या आहेत ना बघितलं, आणि वर्षानुवर्षांचं भांडण पुन्हा उकरून काढलं.

"काय परब, यंदा घाटात काय? न्यूट्रल की गिअर?"

नितीन फडकं पिळता पिळता थांबला. मी पाइपचं पाणी बंद केलं नाही, पण कान तिकडेच होते. बाबांनी सावकाश मान फिरवली, आधी काकांवरून, मग नितीनवरून, मी त्यांच्या समोर नीट येईपर्यंत.

"माका कित्याक विचारतास?" ते म्हणाले. "ड्रायव्हराक विचारा."